ठिवू का काढू?

जीप दारात लागली तवा हौसा म्हशीची धार काढत व्हती. म्हस माजीच, पन आदल्या दिशीच तिच्या गोठ्यात नेऊन बांदली व्हती. हौसा म्हंजी माजी धाकली जाऊ. समदा जलम आमी एका भिंतीच्या अल्याड-पल्याड काढला. ती चरवी तशीच ठिवून आली, हात पदराला पुसले, आन् पाया पडायचं सोडून माज्या पिशवीतच हात घातला.

"आक्का, ह्ये काय? खुरपं? इमानात खुरपं न्हेतीस व्हय गं?"

म्हनलं, असू दे. ती हासली, आन् हासता हासताच रडाय लागली. म्हनाली, "तू चाललीस खरं, पन आता मी भांडू कुनासंगं?"

सुभाष, माजा ल्योक, जीपमधनं म्हनाला, "आई, चल, उशीर होतोय." त्यानंच खुरपं काढून मोठ्या बॅगंत साड्यांच्या घडीत घातलं. हातातल्या पिशवीत त्ये चालत न्हाई म्हनं. मी कुलूप लावलं, किल्ली हौसाच्या हातात दिली. मागं वळून बगितलं न्हाई. बगून काय करनार? भिंत हाय तशीच व्हती.

हौसे, ह्ये तुज्यासाटी सांगतीया. आन् तुज्यासारक्या मागं ऱ्हायलेल्या, आन् माज्यासारक्या म्हातारपनी पोरांमागं निगून आलेल्या बायकांसाटी. मला सहीपुरतं येतं. मी बोलती, सूनबाई लिवून घेती. मृनाल पुन्याची हाय, तिचं बोलनं निराळं. तिला म्हनलं, माजं बोलनं सुदरायचं न्हाई, हाय तसं लिव. काय झालं त्ये सांगती. मला सोताला अजून समदं कळल्यालं न्हाई, पन सांगती.

खुरप्याबिगर माज्याकडं दुसरी इद्या न्हाई. सुभाष नुकता बोलाय लागला व्हता, मंगल अंगावर पीत व्हती, तवा मालक गेले. ताप आला, आन् ताप उतरायच्या आत मानूसच ग्येलं. आई आली व्हती. ती लई बोलायची न्हाई. जाताना लोहाराकडनं एक खुरपं करून आनलं आन् माज्या हातात दिलं. म्हनाली, "ह्ये हातात असू दे. खुरपं हातात असलं की तू कुनाची कोन, कुनी इचारत न्हाई."

खरंच इचारलं न्हाई. भुईमूग, हळद, ऊस, जो बोलवंल त्येच्या रानात गेले. मंगलची झोळी बाभळीला, सुभाष बांदावर. बायकांनी एका वळीत बसायचं, जिनं तिनं आपली पात धरायची, आन् शेवटाला गेल्याबिगर मान वर करायची न्हाई. एकदा उसात असताना सुभाषला ताप भरला. बांदावर पडून व्हता, डोळं लाल झालं व्हतं. मी पात पुरी केली, मंग त्येला उचलला. मधीच उठले असते तर दुसऱ्या दिशी कुनी बोलावलं नसतं. ह्ये त्येला म्हाईत न्हाई. आता ह्ये वाचलं की कळंल. असू दे.

पोरं शिकली. मंगल ऑस्ट्रेलियात गेली, सुभाष आयर्लंडात. पयल्यांदा मी मंगलकडं गेले व्हते, सा म्हैने. तितलं ऊन आपल्यासारकंच, अंगाला चटका बसनारं. पानी जपून वापरायचं. मंगल अंगुळीचं पानी बादलीत धरायची आन् लिंबूनीला घालायची. मला बरं वाटलं. म्हनलं, एवढ्या लांब आले, पन पोर इसरली न्हाई.

उनाळा तोंडावर आला तसा गावात समद्यास्नी सांगावा आला, घरामागलं वाळल्यालं गवात काढून टाका. तितं रानाला आग लागती, आन् गवतागवतानं दारापतुर येती. एक दिस आग कुटं दिसंना, पन वास याय लागला. सूर्य तांब्यावानी लाल. मंगलनं दारं-खिडक्या लावल्या, वल्ली फडकी फटीत कोंबली. मंगल आग इझवनाऱ्या बंबाचा आवाज ऐकत बसली आन् मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले.

मंग एका सुट्टीच्या दिशी समदी गल्ली बाहीर पडली. कुनी मशीन आनलं, कुनी दाताळं. मंगलकडं खुरपं न्हवतं, म्या हातानंच कुंपनाच्या कडंनं पात धरली. शेजारचा म्हातारा माज्या डोक्यावर सोताची टोपी घालून ग्येला. कुनी केक आनून दिला. मंगल म्हनाली, "आई, सगळे विचारतायत, ह्या बाईला कुठनं आणलंस?" मला मेलीला लई अभिमान वाटला. त्याच दिशी मनाशी ठरवलं, पुढच्या बारीला परदेशात जायचं तर खुरपं घिऊनच. परदेशातल्या लोकास्नी गवात काढल्यालं आवडतं.

घोळ हितनंच सुरू झाला बग.

मंगलकडं ऱ्हायची कागदं सपली, मी परत आले. मंग सुभाष म्हनाला, आई, आता एकटी नको, कायमची माझ्याकडं चल. ल्योक हाय तितं ऱ्हायचं, मी आले.

आयर्लंडात डब्लिनच्या कडंला सिटीवेस्ट म्हनून जागा हाय, तितं सुभाषचं घर. समदी घरं सारकी. पयले आठ दिस मी दार वळकायला दारापुढं वीट ठिवत व्हते. सुभाष औषदाच्या फॅक्टरीत, मृनाल कंप्युटरवर. हितं पाऊस पडतो म्हनावा तर भिजत न्हाई, न्हाई म्हनावा तर लुगडं वाळत न्हाई. जून म्हैन्यात रातच्याला धाला उजेड, आन् पाटं पाचाला परत उजेड. सूर्य झोपतो कवा? मंगलला फोन केला तर ती सांगती, आई, इकडं थंडी. एका पोरीकडं थंडी, एका पोराकडं उनाळा, आन् हौसाकडं पेरनी. मी आपली स्वेटर घालून बसले.

आन् सई, माजी नात. तिसरीत हाय. तिला आपली भाषा कळती समदी, पन बोलती इंग्रजी, त्ये बी हितल्या लोकांवानी गात गात. मी मराटीत बोलायचं, तिनं इंग्रजीत. मला कळायचं न्हाई, मी मान हालवायची. पन झोपताना माज्याच कुशीत. माज्या कानातली बुगडी दोन बोटांत धरून फिरवत बसायची आन् तशीच झोपायची. कान दुखायचा. दुकू दे.

घरात मला काम न्हवतं. भाजी निवडली तर साली टाकायला निराळा तपकिरी डबा, कागदाला निराळा, म्हशीला काईच न्हाई. सुभाष म्हनायचा, "आई, आता आराम कर." आराम कसा करायचा त्ये कुनी शिकवल्यालं न्हाई. त्यात मधी कुटं कुनी आपल्या भारतातल्या मान्सास्नी रस्त्यात त्रास दिला म्हनं, म्हनून सुभाषनं सांगितलं, एकटी लांब जाऊ नको, घरासमोर बस. घरासमोर एक मोटी हिरवळ हाय. समदी घरं तिच्याकडं तोंड करून. तिच्या मधोमध एक मोटा चौकोन, आन् त्यात गवात वाढल्यालं, गुडघ्याएवढं. पिवळी फुलं, पांडरी फुलं, काय बाय. बाकीची हिरवळ मशीननं कापून जात्यात, तेवढा चौकोन सोडून. मला वाटलं मशीन तितं जात नसंल. का कुनाचं भांडान असंल. बांदाच्या भांडनात आपल्याकडं न्हाई का पट्टा पडीक ऱ्हातो?

तितं एक लाकडाची पाटी व्हती, तिच्यावर मधमाशीचं चित्र. मला वाचता येईना. म्हनलं, हितं मोहोळ असंल, जपून बसा म्हनत असतील.

एक दिस पाटं पाचाला जाग आली. लख्ख उजेड. समदं गाव झोपल्यालं. बॅगंतलं खुरपं काढलं, डोईवरनं पदर घिऊन तोंड झाकलं, मोहोळाचं भ्या, आन् चौकोनाच्या कडंला बसले. पात धरली. हौसे, काय सांगू! माती मऊ, वल्ली, खुरपं नुसतं सरकत व्हतं. गुडघं दुखायचं थांबलं. किती वरसांनी मान खाली घालून बसले. शेवटाला गेले, परत फिरले, दुसरी पात. लोकं उठायच्या आत समदा चौकोन काळाभोर, आरशावानी. गवताचा भारा बांदला, डोक्यावर घ्यायला वाकले, आन् मंग ध्यानात आलं. कुनाला घालू?

भारा तितंच ठिवला. तेवढ्यात मॉरीन आली, कुत्रं घिऊन. शेजारची हाय, माज्याच वयाची, मूळची खेड्यातली. तिनं बगितलं, तोंडावर हात ठिवला. मी हासले. ती बी हासली, पन निराळं. म्हनाली, "ग्रँड." हितं समद्याला ग्रँड म्हनत्यात. चा ग्रँड, पाऊस ग्रँड, तब्येत ग्रँड. मला वाटलं, चांगलं झालं म्हनती.

मंग साळंला जायला सई बाहीर आली. पाठीवर दप्तर, हातात केळं. चौकोनाकडं बगितलं, माज्याकडं बगितलं, माज्या हातातल्या खुरप्याकडं बगितलं. केळं पडलं. ती घरात पळाली, आन् आतनं नुसता आवाज येत व्हता, "आय टोल्ड हर! आय टोल्ड हर!"

मृनालनं मला सांगितलं. त्यो चौकोन पडीक न्हवता. त्यो सईच्या साळंतल्या आन् ह्या वसाहतीतल्या पोरांनी पेरला व्हता. मधमाश्या कमी झाल्यात म्हनून, त्येंच्यासाटी रानफुलं. पाटीवर तेच लिवलं व्हतं, आन् माशी सईनं काढली व्हती. तिनं मला सोप्यावर बसून समदं सांगितलं व्हतं, चित्र दावून. मला कळलं न्हवतं. मी मान हालवली व्हती.

म्हंजी तन पेरत्यात? मी मृनालला इचारलं. पेरून वाढवत्यात? तिनं डोळं पुसले, म्हनाली, "हो, आई." मी म्हनलं, मंगलकडं तर काढल्यावर केक दिला. ती म्हनाली, "आई, तिकडं आग लागते. इकडं माशा मरतात." मला कळलं, आन् कळलं बी न्हाई. गवात त्येच, माती तीच, मानसं बी दिसाय तसलीच. एकीकडं ठिवलं तर पाप, एकीकडं काढलं तर पाप.

सांजच्याला वसाहतीचं काम बगनारा एक उंच मानूस आला. सुभाष त्येच्यापुढं हात बांदून उभा. सारकं सॉरी, सॉरी. त्यो मानूस म्हनाला, "नो बॉदर, ग्रँड, ग्रँड," म्हंजी काई बिघडलं न्हाई म्हनं, माज्याकडं बगून हासला, आन् ग्येला. मृनाल फोनमदी बगत बसली. वसाहतीतली समदी त्यात लिवत्यात म्हनं.

मी इचारलं, "काय म्हनत्यात?"

"कोणी काही म्हणत नाहीये, आई. सगळे नो बॉदर म्हणतायत."

"मंग तू का रडतीस?"

"म्हणूनच," ती म्हनाली.

ह्ये मला आजपतुर कळल्यालं न्हाई. हौसे, तुजं रेडकू माज्या कोथमिरीत शिरलं तवा मी तुला काय काय बोलले? तुज्या म्हायेराचा उद्दार केला. तू बी कमी न्हवतीस, माज्या सात पिढ्या काढल्यास. आन् सांजच्याला तूच वाटीत कालवान घिऊन भिंतीवरनं हाक मारलीस, "आक्का, घे गं, गरम हाय." सपलं. हितं कुनी बोललं न्हाई, म्हनून सपलंच न्हाई. बाहीर पडले की लोकं हासायची, हात करायची. मला वाटायचं, अरं बाबांनो, वरडा की माज्यावर. एकदा वरडा, म्हंजी मी खाली मान घालीन आन् इषय मिटंल. मृनालला म्हनलं, त्येंना सांग, मला शिव्या घाला. ती नुसती हासली.

सुभाष बी वरडला न्हाई. नुसतं खुरपं माज्या हातातनं घेतलं, धुतलं, पुसलं, आन् स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठिवलं. हितं कपाटाला प्रेस म्हनत्यात. पार वर, माजा हात पोचनार न्हाई असं. म्हनाला, "आई, आता हे राहू दे." आपल्या लोकांकडं आदीच बोट दावाय बसल्यात काई जन, त्यात आपन असं, म्हनं. त्येचं बी खरं व्हतं. पन आई म्हनली व्हती, खुरपं हातात असलं की कुनी इचारत न्हाई. हितं खुरपं हातात हाय म्हनूनच समदं गाव इचारत व्हतं, कोन ही बाई?

लोकांचं सोड. सई बोलंना.

रुसली असती तर काढली असती समजूत. ती रुसली न्हवती, ती माज्याशी हितल्या मोट्या मान्सांवानी वागाय लागली. ताट दिलं की "थँक्स, आज्जी." इचारलं की "आय एम ग्रँड." रातच्याला आपल्या खोलीत झोपायला गेली, दार लोटून घेतलं. साळंला दोन म्हैने सुट्टी लागली, समदा दिस ती घरात, मी घरात, आन् मधी त्ये थँक्स. माजा कान दुखायचा थांबला. मी कुशीवर वळून बुगडी सोताच फिरवून बगायची.

मंगलनं फोनवर ऐकलं आन् हासली, मंग रडली. म्हनाली, "आई, माझ्याकडं ये परत, इथं हवं तेवढं गवत काढ." कागदं कुटं हायत? आन् गवात काढाय मी जलमाला आले का? पन मनात आलं, सुभाषला सांगावं, मला गावी सोड. हौसाचा दर आइतवारी फोन यायचा, "आक्का, घरी कवा येतीस?" मला पयल्यांदा कळंना, कुठल्या घरी म्हनती. आन् कळलं तवा तोंडापतुर आलं व्हतं, येती गं लगीच. बोलले न्हाई. हितनं अशीच गेले तर सईला आज्जी म्हंजी फुलं उपटून गेलेली एक बाई, एवढंच ऱ्हाईल. पात अर्ध्यात सोडून मी कवा उठले न्हाई.

मधी एकदा मॉरीननं हाताला धरून तिच्या परसात न्हेलं. कोपऱ्यात खाजकुयरीसारकं काय तरी वाढल्यालं, हात लागला की आग व्हनारं. मी मागं सरले. तिनं दोनी हातांनी फुलपाखरू करून दावलं. हिनं आगच पाळलीया, फुलपाखरांसाटी! मी डोक्याला हात लावला. ती इतकी हासली की तिला खोकला आला. त्या दिशी मॉरीनचं हासनं मला खरं वाटलं.

मंग साळा परत सुरू झाली, आन् एका शनवारी चौकोन परत पेरायचा ठरला. सुभाष म्हनाला, "आई, तू नको येऊस, गार आहे." मी म्हनलं, येनार. कुनाला हात लावनार न्हाई, लांब उभी ऱ्हाते. गेले. दोनी हात पाठीमागं धरून उभी ऱ्हायले, साळंत शिक्सा केल्यावानी. पोरं, त्येंचं आई-बाप, त्यो उंच मानूस, मॉरीन आन् तिचं कुत्रं. दाताळ्यांनी माती उकरायचं चाललं व्हतं. समदी माज्याकडं बगून हासत व्हती. ग्रँड, ग्रँड.

माज्या पायापाशीच एक रोप व्हतं, रुंद पानांचं, आपल्या चुक्याच्या जातीचं. पोरांनी वरनं दाताळं फिरवलं आन् मूळ तसंच सोडून पुढं गेली. मी बगितलं. तोंड फिरवलं. परत बगितलं. हात कवा पुढं आला मला कळलं न्हाई.

"आज्जी! नको! हात लावू नको!"

सई. चौकोनाच्या पल्याडनं. मराटीत. समदी वसाहत वळून बगाय लागली, कुत्रं सुदिक. सई बूट चिखलात आपटत आली, तोंड लाल. "मी तुला सांगितलेलं! तू हो म्हटलीस! तू सगळं काढलं! माझं काढलं! तू ऐकतच नाही!"

मृनाल वरडली, "सई! असं बोलतात का आजीला?" सुभाष पुढं आला. त्या उंच मान्सानं खाली बगितलं. लोकास्नी कसंनुसं झालं. मी हात वर केला. म्हनलं, "बोलू दे तिला. बोल बाई. अजून काय ऱ्हायलंय?"

"माझी बी होती ती," सई म्हनाली, बी म्हंजी बियानं, आन् रडाय लागली. मोट्यानं, भोकाड पसरून, आपल्याकडली पोरं रडत्यात तशी. मी खाली बसले. म्हनलं, "व्हय. तुजं काढलं. मला कळलं न्हवतं. आता मला सांग, ह्ये ठिवू का काढू?"

तिनं नाक बाहीला पुसलं. रोपाकडं बगितलं. वाकून पान उलटं केलं, परत सुलटं केलं. "दॅट्स अ डॉक," ती म्हनाली. डॉक म्हंजी त्या तनाचं हितलं नाव. मंग माज्याकडं बगून, "काढ."

मी बोटांनी वडाय लागले. मूळ लांब, येईना. सुभाष घराकडं गेला आन् आला. त्येच्या हातात खुरपं व्हतं. दिलं माज्या हातात. मंग मी आन् सई, चौकोनाच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापतुर. मी इचारायचं, तिनं सांगायचं. ठिवू का काढू. ठेव. ठिवू का काढू. नको, ठेव, आज्जी! चारदा वरडली. एकदा हातावर चापट मारली. आमच्या मागनं मॉरीन बियानं फेकत व्हती.

हौसे, घर कुठलं म्हनून तू इचारतीस. मला नीट सांगता येत न्हाई. तितल्या कुलपाची किल्ली तुज्याकडं हाय, ती जपून ठिव. मंगलकडं त्या म्हाताऱ्याची टोपी खुटीला हाय, म्हंजी तितं बी माजं काय तरी हाय. गवात काढायचं का ठिवायचं, ह्ये तर मला तिनी ठिकानी निरनिराळं सांगत्यात, आन् म्हातारपनी येवढं डोक्यात मावत न्हाई. पन निगताना तू म्हनली व्हतीस, आता मी भांडू कुनासंगं. तुजं काय झालं म्हाईत न्हाई. मला हितं एक मिळालीया. तुज्यापरीस बारकी हाय, पन आवाज तुज्यावानीच.

कान परत दुकतोय.

आता हितं थंडी पडलीया. चौकोन काळा हाय, वर दव. त्यात बारीक बारीक हिरवं दिसाय लागलंय, दोन दोन पानांचं. तन हाय का फूल, मला सांगता यायचं न्हाई. सई साळंतनं आली की इचारीन.